म्हैसूरचा राजवाडा आणि बागा: बेळगावहून जाताना क्रम कसा लावावा?

शहापूर_गल्ली
नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चंदगड मिळून सोळा माणसं आहेत. त्यात चार सत्तरीच्या पुढची, पाच शाळकरी पोरं. शनिवारी रात्री निघायचं आणि मंगळवारी सकाळी परत. राजवाडा आतून, बाहेरची रोषणाई, म्हैसूरजवळची वृंदावन बाग आणि जमलंच तर श्रीरंगपट्टणचा दर्यादौलत बाग एवढं बघायचं आहे. एक टूरवाला म्हणतोय की हे सगळं एका रविवारात उरकतं. खरंच होतं काय? आणि आत गेल्यावर नेमकं काय बघायचं, कारण 'भारी आहे, जाऊन या' यापलीकडे कोणीच काही सांगत नाही.

मार्कंडेय
एका रविवारात होत नाही. टूरवाला ते 'उरकतो', म्हणजे बसच्या खिडकीतून दाखवतो.

अडचण साधी आहे. राजवाड्याची रोषणाई रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी असते, संध्याकाळी सातच्या सुमाराला, पाऊण ते एक तास. वृंदावनची कारंजी आणि दिवेही त्याच वेळी. दोन्हींमध्ये वीसेक किलोमीटर अंतर. म्हणजे एका संध्याकाळी एकच. जे दोन्ही धरायला जातात ते कारंजी अर्धवट सोडून बस पळवतात आणि राजवाड्याच्या वराह गेटला पोचेपर्यंत दिवे मालवलेले असतात.

दुसरी अडचण: रोषणाई रविवारी, आणि आतली सगळ्यात जास्त गर्दीही रविवारीच. म्हणून दोन्ही एकाच दिवशी करू नका. रविवारी संध्याकाळी फक्त बाहेरून दिवे बघा आणि सोमवारी सकाळी दहाला फाटक उघडताना आत शिरा. राजवाडा रोज उघडा असतो, १० ते ५:३०. (प्राणिसंग्रहालय मात्र मंगळवारी बंद असतं. पोरांना कबूल करून बसला असाल तर ध्यानात ठेवा.)

निपाणी_फाटा
टूरवाल्याचं गणित बरोबर हाय ओ. एका रविवारात सोळा माणसांचे पैसे होत्यात, बघणं होत नाही.

मार्कंडेय
प्रवासाचं सांगतो. रेल्वेने अंतर साधारण ६०० किलोमीटर. बेळगावहून म्हैसूरला थेट रेल्वे आहे. अरसीकेरेनंतर काही गाड्या हासनकडून जातात, काही बेंगळुरूवरून. बेंगळुरूवरून जाणारी गाडी जास्त वेळ घेते, तेव्हा तिकीट काढताना नुसतं सुटण्याची वेळ बघू नका, पोचण्याचीही बघा.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. एका तिकिटावर सहाच माणसं बसतात, म्हणजे तुमच्या सोळांची तीन तिकिटं होणार. म्हाताऱ्या माणसांची नावं तिन्ही तिकिटांत विखुरू नका. चौघं एका तिकिटावर, त्यांच्याबरोबर धडधाकट दोघं, असं करा. नाहीतर एक आजी एस-३ मध्ये आणि तिच्या गोळ्या एस-७ मध्ये.

सकाळी पोचल्यावर स्टेशनच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवणार असाल तर प्रत्येक बॅगेला कुलूप पाहिजे. कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. स्टेशनपासून राजवाडा दोनेक किलोमीटर.

चंदगडी
बसचं काय? बायकांना फुकट आहे म्हणतात.

मार्कंडेय
शक्ती योजना. ११ जून २०२३ पासून सुरू आहे. खरं दोन अटी आहेत. एक, कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र पाहिजे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बायकांना चालतं. चंदगडचा, म्हणजे महाराष्ट्रातला पत्ता असेल तर तिकीट काढावं लागतं. दोन, साध्या आणि एक्स्प्रेस बसलाच ती लागू आहे, स्लीपर, एसी, राजहंस यांना नाही. लांबच्या थेट बसा बहुतेक स्लीपर असतात. म्हणजे फुकट जायचं तर हुबळीला, पुढे आणखी कुठंतरी बस बदलत जायचं. सत्तरीच्या माणसांना घेऊन तो उद्योग नको. म्हैसूरच्या आतल्या फिरण्याला मात्र योजना कामाला येते, वृंदावनची बस शहर बसस्थानकावरूनच सुटते.

गाडी करून जाणाऱ्यांसाठी: बेंगळुरूला वळसा घालायची गरज नाही. हिरियूरला महामार्ग सोडून हुळियार, नागमंगल, पांडवपुर करत श्रीरंगपट्टणला उतरता येतं. म्हणजे म्हैसूरच्या आधी दर्यादौलत वाटेतच. आणि दुचाकीवरून जाणाऱ्या पोरांनो, बेंगळुरू–म्हैसूर एक्स्प्रेसवेच्या मुख्य रस्त्यावर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकीला बंदी आहे. बाजूचा सेवा रस्ता धरायचा.

कदंबवाट
आता राजवाड्याविषयी. 'काय बघायचं' याच्या आधी एक गोष्ट कळली पाहिजे: आतला मार्ग एकेरी आहे. माणसं एका बाजूने शिरतात, रेलिंगच्या कडेने सरकतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. पुढे गेल्यावर 'अरे ते राहिलं' म्हणून मागे फिरता येत नाही. म्हणून कुठं थांबायचं ते आधी ठरवून जावं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हा राजवाडा आगीतून जन्मलाय. आधीचा राजवाडा लाकडी होता, १८०३ च्या आसपासचा. १८९७ च्या फेब्रुवारीत राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या लग्नाच्या धामधुमीत तो जळाला. त्या वेळी राजा अल्पवयीन, कारभार राजमाता केंपनंजम्मण्णी यांच्याकडे. त्यांनी हेन्री आयर्विनला काम दिलं. शिमल्याचा व्हाइसरॉय लॉज ज्याने बांधला तोच हा. १८९७ ला सुरुवात, १९१२ ला पूर्ण, खर्च ४१,४७,९१३ रुपये. मधला मनोरा १४५ फूट.

हे माहीत असलं की आत शिरताच दिसायला लागतं: खांब ओतीव लोखंडाचे, अंग दगडाचं, छताला काच. जिथं भार आहे तिथं लाकूड टाळलंय. लाकूड उरलंय ते दारांत आणि छताच्या कोरीव तक्तपोशीत. आपल्याकडच्या वाड्यांत सागवानी खांब म्हणजे श्रीमंती. इथं उलट, श्रीमंती लोखंडात ओतलीय.

आतला क्रम असा लागतो.

पहिल्यांदा गोंबे तोट्टी. 'तोट्टी' म्हणजे आपल्या वाड्यातला चौक आणि 'गोंबे' म्हणजे बाहुली. दसऱ्याला बाहुल्या मांडायचा चौक. इथंच सोन्याची अंबारी ठेवलेली आहे: लाकडी सांगाडा, वरून साधारण ८० किलो सोन्याचा पत्रा, एकूण वजन ७५० किलोच्या घरात. विजयादशमीला हत्तीच्या पाठीवर जाते ती हीच. इथं गर्दी तुंबते, कारण सगळे काचेपुढे थांबून फोटो काढतात. तुम्ही बाजूला सरकून अंबारीचा खालचा भाग बघा. हत्तीच्या पाठीवर एवढं वजन नुसतं ठेवून टिकत नाही. खाली जाड गादी लागते, दोर पोटाखालून आवळावे लागतात, आणि म्हणून दसऱ्याआधी हत्तींना वाळूची पोती पाठीवर लादून आठवडे न् आठवडे चालवतात.

मग हत्तीदरवाजा (आने बागिलु) ओलांडून कल्याण मंटप. इथं किमान पंधरा मिनिटं काढा. अष्टकोनी दालन, वरती रंगीत काचेचा घुमट, काचेत मोर. काच आणि खांब ग्लासगोचे. खांब मॅकफार्लेनच्या ओतशाळेतले. साच्यातून काढलेले म्हणून सगळ्या खांबांची नक्षी तंतोतंत एकसारखी. दगडाच्या खांबांत असं कधी दिसायचं नाही, तिथं प्रत्येक पाथरवटाचा हात वेगळा असतो. घुमट डोक्यावर असल्याने ऊन वर आलं की काच पेटते, अकरा ते एकच्या दरम्यान. दहाला आत शिरलात तर इथं पोचेपर्यंत बरोबर वेळ येते.

याच दालनाच्या भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची २६ तैलचित्रं आहेत. १९३४ ते १९४५ या काळात स्थानिक चित्रकारांनी छायाचित्रं समोर ठेवून काढलेली. ती नुसती शोभेची चित्रं नाहीत, मिरवणुकीत कोण कुठल्या क्रमाने चालत होतं याची नोंदच आहे: घोडदळ, बॅंड, पालखी, उंट. पोरांना सांगा, एका चित्रातला जमाव पुढच्या चित्रात सरकत जातो, तो क्रम लावत चला. कंटाळत नाहीत.

निपाणी_फाटा
कुस्तीचा आखाडा बी हाय म्हणत्यात तिथं?

कदंबवाट
आहे. आतल्या चौकात, वाटेवरूनच दिसतो. खरं ती आपल्यासारखी मातीतली कुस्ती नव्हे. वज्रमुष्टी म्हणतात, जेट्टी घराण्यांचे मल्ल खेळतात. मुठीत टोकदार मुष्टिका, डोकं भादरलेलं, आणि रक्ताचा पहिला थेंब दिसला की लढत संपली. विजयादशमीला मिरवणुकीआधी होते. एरवी तिथं रिकामा चौक आहे, बघून पुढं व्हायचं.

नंतर तसबिरींचं दालन, चांदीच्या खुर्च्या, मानपत्रांच्या पेट्या. हे भराभर करा. माझं मत आहे की लोक इथं नको तितका वेळ घालवतात आणि वर गेल्यावर दमतात.

वर दरबार हॉल. हा पूर्वेकडे पूर्ण उघडा, समोर मैदान. म्हणजे दरबारात बसलेल्याला खालची फौज आणि हत्ती दिसावेत अशी योजना. कमानींच्या रांगेत उभं राहून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघा, रंगवलेले खांब एकामागे एक लागत जातात.

शेवटी अंबाविलास, खाजगी दरबार. सगळ्यात श्रीमंत दालन हे, आणि लोक इथं पोचतात तेव्हा पाय बोलायला लागलेले असतात. शिसवी दारांवर हस्तिदंताची जडणघडण, एक दार चांदीचं, फरशीत रंगीत खडे बसवलेले. मान वर करून छत बघतात, पायाखालची फरशी कोणी बघत नाही. इथं पंधरा मिनिटं राखून ठेवा. एकूण दोन तास धरा, घाई न करता अडीच.

शहापूर_गल्ली
हे फारच उपयोगी. सोन्याचं सिंहासन कुठल्या दालनात? आमच्याकडे सगळ्यांना तेच बघायचंय.

कदंबवाट
कुठल्याच नाही. सिंहासन फक्त नवरात्रात जोडून मांडतात, एरवी सुटं करून ठेवलेलं असतं. मे महिन्यात जाऊन अंबारी बघायची आणि घरी येऊन 'सिंहासन बघितलं' सांगायचं, असं पुष्कळ होतं. अंबारी हत्तीवरची, सिंहासन बसायचं.

आणि 'नवरात्रातच जातो मग' असं ठरवण्याआधी ऐका. त्या दिवसांत राजघराण्याचे खाजगी विधी चालतात, काही दिवशी काही तास आतला भाग बंद ठेवतात. रोषणाई मात्र रोज असते. सोळा माणसं, त्यात चार वयस्क, दसऱ्याची म्हैसूरची गर्दी... मी तरी सुचवणार नाही.

वडगाव_वीणकर
टिपूचाच राजवाडा ना तो?

कदंबवाट
नाही. टिपूने उलट म्हैसूरचा तेव्हाचा राजवाडा १७९३ मध्ये पाडला. त्याची राजधानी श्रीरंगपट्टण. १७९९ ला टिपू पडला, लहानग्या कृष्णराज वडेयर तिसऱ्याला गादीवर बसवलं, राजधानी पुन्हा म्हैसूरला आली आणि मग तो लाकडी राजवाडा झाला, जो १८९७ ला जळाला. टिपूचं बघायचं तर दर्यादौलत.

मार्कंडेय
चुका कुठं होतात ते सांगून ठेवतो, कारण या गोष्टी फलकावर लिहिलेल्या नसतात.

फाटक. राजवाड्याला चारी दिशांना फाटकं आहेत आणि सगळ्यात देखणं पूर्वेचं जयमार्तंड. रिक्षावाल्याला नुसतं 'पॅलेस' म्हटलं की तो जवळच्या फाटकाला सोडतो, पुष्कळदा उत्तरेच्या बलराम गेटला, बसस्थानक त्याच बाजूला म्हणून. प्रवेश दक्षिणेच्या वराह गेटने. तटाच्या कडेने उन्हातून अर्धा वळसा चालावा लागतो. म्हणून रिक्षात बसतानाच 'वराह गेट' म्हणा. रोषणाईला जाताना त्या दिवशी कुठलं फाटक उघडलंय ते पोलिसाला विचारा.

चपला. आत जाताना बाहेर ठेवायच्या. ठेवायची जागा आणि दार यांमधली फरशी दुपारी तापते. मोजे घाला, खरं गुळगुळीत नायलॉनचे नकोत, आत फरशीवर पाय सटकतो. वयस्कांना सुती मोजे. सोळा जणांच्या चपला एका मोठ्या पिशवीत घालून एकच टोकन घ्या, बाहेर पडताना शोधाशोध वाचते.

वरचा मजला जिना चढून. ज्यांना जिना जमत नाही त्यांनी आत शिरतानाच कर्मचाऱ्याला सांगावं. अर्ध्या वाटेत सांगितलं तर एकेरी रांगेतून मागे आणता येत नाही.

पोरांची सवलत हवी असेल तर शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं पत्र जवळ ठेवा, तिकीट खिडकीवर तेच विचारतात. आयत्या वेळी फोनवरचा फोटो दाखवून हुज्जत घालत बसू नये.

किल्ला_तळं
फोटोचं मी सांगतो. राजवाड्याचं तोंड पूर्वेला. समोरचा भाग सकाळीच उजळतो. दुपारनंतर सूर्य मागे गेला की समोरून सगळं काळपट येतं. म्हणजे बाहेरचे फोटो सोमवारी आत शिरण्याआधी काढायचे.

रोषणाईचा फोटो महिन्यावर ठरतो. जूनमध्ये म्हैसूरला सूर्यास्त पावणेसातनंतर, म्हणजे सातला दिवे लागतात तेव्हा आभाळ अजून निळं असतं. निळं आभाळ आणि पिवळे दिवे, हवा तो फोटो. डिसेंबरात सूर्य सहालाच मावळतो, सातला आभाळ काळं. दिवे लाखाच्या घरात आणि सगळे बारीक पिवळे बल्ब. मोबाईल ते भाजून पांढरे करतो. पडद्यावर राजवाड्याला बोट लावून उजेड कमी करा, मग कमानी सुट्या दिसतात. दिवे एकदम लागतात, तो क्षण पाहिजे तर पावणेसातला समोरच्या मैदानात मधोमध उभं राहायचं.

फुलबाग_अनगोळ
बागांविषयी कोणीच बोलेना, म्हणून लिहितो.

राजवाड्यासमोरची बाग बघताना एक कळलं पाहिजे की ती मुद्दाम बुटकी आहे. हिरवळ, कातरलेल्या कडा, मोसमी फुलांचे वाफे. उंच झाड मधे नाही, कारण जयमार्तंड फाटकातून राजवाड्यापर्यंतची नजर मोकळी राहिली पाहिजे. सावलीची अपेक्षा ठेवून जाणारे नाराज होतात. बागेतले कांस्याचे वाघ बघून घ्या, रॉबर्ट कोल्टन नावाच्या ब्रिटिश शिल्पकाराचे आहेत. हिरवळीवर उतरायची परवानगी सगळीकडे नाही, दोरी दिसली की थांबा. डिसेंबरअखेरीला आवारात फुलांचं प्रदर्शन भरतं, बागवाल्यांनी तेव्हा जावं.

म्हैसूर संस्थानच्या बागांमागे एक जर्मन माणूस आहे, क्रुम्बिगल. लंडनच्या क्यू बागेत तयार झालेला, आधी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांकडे होता, तिथून म्हैसूर संस्थानात आला. बेंगळुरूच्या रस्त्यांवर एकामागून एक झाडं फुलत राहतात, ती लावण्याची कल्पना त्याचीच: एक मोहर ओसरला की दुसऱ्या जातीची पाळी.

वृंदावन हेही त्याच परंपरेतलं. कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशी, दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या काळात १९२७ ते १९३२ मध्ये आखलेलं, काश्मीरच्या शालिमार बागेवरून. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांच्या गच्च्या, मधोमध पाण्याचा पाट, दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या. बहुतेक लोक अंधारात जातात आणि रंगीत दिवे बघून येतात. बाग दिवसा बघायची. पाचला पोचा, वरच्या गच्चीवरून खाली पाटाच्या रेषेत उभे राहा, आखणी एका नजरेत येते. दिवे लागले की ती दिसत नाही, नुसते रंग दिसतात.

वयस्कांसाठी: संगीत कारंजं पार पलीकडच्या टोकाला आहे. जाऊन-येऊन बरंच चालणं, वर चढ-उतार. अर्ध्या वाटेवर बाकांवर बसवून ठेवलं तरी चालतं, वरच्या भागातली साधी कारंजी जास्त सुंदर आहेत असं माझं मत. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं असेल तर बोटिंग बंद असतं. धरणाची पूर्ण पातळी १२४.८० फूट. जुलै-ऑगस्टात जाणार असाल तर कन्नड पेपरात रोजची पातळी छापून येते, आकडा तिथवर पोचला की समजा पाणी सुटणार.

मार्कंडेय
वृंदावनाला माझा विरोध नाही, खरं यांच्या वेळेत ते बसत नाही. रविवारी संध्याकाळ रोषणाईला गेली. सोमवारी संध्याकाळी वृंदावनला गेले तर कारंजं संपवून बाहेर पडेपर्यंत साडेसात-आठ, वाटेत बसेसची रांग, पुढे स्टेशन. परतीची गाडी रात्री उशिराची असली तरच जमेल. नसेल तर सोडून द्या.

फुलबाग_अनगोळ
सोडून देऊ नका, वेळ बदला. सोमवारी दुपारी तीनला जा, पाचला निघा. कारंजं बुडेल, बाग मिळेल. मी तर म्हणेन तोच फायदा.

मार्कंडेय
पाच पोरं आहेत हो त्यांच्यात. कारंजं न दाखवता परत आणलं तर हुबळीपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

निपाणी_फाटा
हुबळी कशाला, अरसीकेरेतच सुरू होतंय.

कदंबवाट
मग रविवारची सकाळ श्रीरंगपट्टणला द्या, १५ किलोमीटरवर आहे. दर्यादौलत हा टिपूचा उन्हाळी महाल, १७८४ चा. राजवाड्याच्या अगदी उलट: सागवानी, बसका, चौरस, चहूबाजूंनी बाग. दोन्ही लागोपाठ बघितले तर १८९७ नंतर काय बदललं ते डोळ्यांनी कळतं.

व्हरांड्यांना मोठे हिरवे पडदे सोडलेले असतात. ते भिंतीवरची चित्रं उन्हाने उडू नयेत म्हणून. आतून अंधार वाटतो, दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात. पश्चिमेच्या भिंतीवर पोल्लिलूरच्या लढाईचं चित्र आहे, १० सप्टेंबर १७८०, हैदर-टिपूने इंग्रजांना हरवलं ती. इंग्रज फौज चौकोन करून उभी, मध्ये कर्नल बेली पालखीत, आणि दारूगोळ्याची गाडी फुटतेय. ती गाडी आधी शोधा, लढाई तिथंच फिरली. मात्र सगळा रंग १७८४ चा समजू नका. महालात नंतर इंग्रजांचा कर्नल वेलस्ली राहिला होता, आणि पुढे गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या हुकमाने चित्रं पुन्हा रंगवून घेतली.

आपल्या बाजूचा धागाही तिथं आहे. १७९२ ला इंग्रजांच्या कॉर्नवॉलिसने श्रीरंगपट्टणला वेढा घातला तेव्हा हरिपंत फडक्यांची मराठी फौज त्याच्याबरोबर होती. त्याच मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाड घेतलं, एप्रिल १७९१ मध्ये. येता-जाता गाडी धारवाडवरूनच जाते.

वडगाव_वीणकर
म्हैसूरच्याच जगनमोहन पॅलेसमधल्या चित्रसंग्रहात रविवर्म्याची ती दिवा घेतलेली बाई आहे, ती चुकवू नका.

कदंबवाट
बघाच, पण ती रविवर्म्याची नव्हे. सावळाराम हळदणकरांची, जलरंगातली. आणि हळदणकर आपल्या आंबोली घाटाखालचे, सावंतवाडीचे. चित्रासाठी उभी राहिली ती त्यांची मुलगी. खोली अंधारी ठेवलेली असते म्हणून दिव्याचा उजेड खराच पडल्यासारखा वाटतो. चेहऱ्यावरचा उजेड बघून झाला की दिव्यावर धरलेल्या हाताची बोटं बघा, कडा तांबूस दाखवल्यात, कातडीतून उजेड आरपार आल्यासारख्या. जलरंगात हे दुरुस्त करता येत नाही, पहिल्याच हाताला जमावं लागतं. जगनमोहन राजवाड्यापासून चालत जाण्यासारखा आहे. सोमवारी दुपारी जेवणानंतर एक तास पुरतो.

चंदगडी
एवढं लांब जमत नसेल त्यांनी काय करावं? एका दिवसात परत येण्यासारखं?

कदंबवाट
कित्तूर. बेळगाव–धारवाड महामार्गावर, बेळगावहून पन्नासेक किलोमीटर. तिथं राजवाडा उभा नाही, जोती आणि भिंती आहेत. २३ ऑक्टोबर १८२४ ला राणी चन्नम्माच्या फौजेने धारवाडचा कलेक्टर थॅकरे याला मारलं, डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला घेतला. उभ्या राजवाड्यात जे लपलेलं असतं ते इथं उघडं आहे: खोल्यांची मांडणी, भिंतींची जाडी, न्हाणीघरं, पाणी खेळवण्याची सोय. ध्रुवतारा बघण्यासाठी केलेलं नळीसारखं भोकही दाखवतात. पोरांना तिथं गणित घाला: ध्रुव क्षितिजापासून जितका वर दिसतो तितकं त्या गावाचं अक्षांश. कित्तूरला साधारण साडेपंधरा अंश, म्हणून नळीचा कल अगदी थोडाच लागतो. काश्मीरमध्ये तीच नळी दुपटीहून जास्त उभी धरावी लागेल.

२३ ते २५ ऑक्टोबरला उत्सव असतो. शांतपणे बघायचं तर ते तीन दिवस सोडून जा. सावली कमी, पाणी घेऊन जा.

शहापूर_गल्ली
सगळ्यांचे आभार. असं बसवतोय: रविवारी सकाळी श्रीरंगपट्टण, दुपारी खोलीवर आराम, संध्याकाळी रोषणाई. सोमवारी पावणेदहाला वराह गेट, साडेबारापर्यंत राजवाडा, जेवण, जगनमोहन. परतीची गाडी उशिराची मिळाली तर तीनला वृंदावन आणि कारंजं बघून थेट स्टेशन. नाही मिळाली तर पोरं प्राणिसंग्रहालयात, सोमवारी ते उघडं आहे. एकच शंका, रविवारी दुपारी आराम खरंच लागेल काय? तेवढ्यात चामुंडी डोंगर होतो.

मार्कंडेय
लागेल. रात्रभर गाडीत झोप झालेली नसते, संध्याकाळी मैदानात दीड तास उभं राहायचं असतं आणि बसायला जागा नसते. डोंगरावर रविवारी दुपारी गाड्यांची रांग लागते, अडकलात तर सातला खाली पोचणार नाही. वयस्कांसाठी दोन-तीन घडीची स्टुलं घ्या.

निपाणी_फाटा
आणि सुती मोजे. सोळा जोड.